वाटेवरचा दगड वाचता आला पाहिजे

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्या मेळाव्यात 'प्राचीन संस्कृतींचा कलेतिहास आणि आपण' या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन.)



प्राचीन संस्कृतींच्या कलेचा इतिहास हा पदवीच्या अभ्यासक्रमातील विषय आहे असे सांगितले, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो आई-वडिलांकडून. 'हे शिकून मुलगी पुढे करणार काय?' प्रश्न अगदी रास्त आहे. पहाटेची कसारा लोकल पकडून, किंवा एस.टी.ने कल्याण गाठून मुलाने शिकावे यासाठी जे आई-वडील पोटाला चिमटा घेतात, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्यामुळे त्याचे उत्तर मी टाळणार नाही. मात्र ते शेवटी देईन. आधी हा विषय आहे तरी काय आणि शहापूर-मुरबाडच्या मातीशी त्याचे नाते कोणते, ते पाहू.

आपल्याकडे असा एक समज रूढ आहे, की कलेचा इतिहास हा मुंबईच्या संग्रहालयाशेजारी राहणाऱ्यांचा, परदेशवारी करणाऱ्यांचा विषय आहे. मिसरचे पिरॅमिड, ग्रीसची मंदिरे, रोमचे पुतळे यांची चित्रे पुस्तकात पाहायची, नावे आणि सनावळ्या पाठ करायच्या आणि परीक्षेत उतरवून काढायच्या. विषय असाच शिकवला तर तो खरोखरच निरुपयोगी आहे. पण प्राचीन जगाचा एक ठळक धागा तुमच्या तालुक्याच्या शिवेवरून गेला आहे आणि त्या धाग्याचे टोक हाती धरून तुम्ही थेट रोमपर्यंत जाऊ शकता. मुंबईच्या विद्यार्थ्याला त्यासाठी सहल काढावी लागते; तुम्हाला घराबाहेर पडून डोंगराकडे पाहिले तरी पुरे.

पाहण्याची शिस्त

कलेतिहास म्हणजे प्रथम पाहण्याची शिस्त. कोणतीही वस्तू समोर आली की चार प्रश्न विचारायचे. ही कशाची घडवली आहे? कोणी घडवली? कोणासाठी घडवली? आणि ती ज्यांच्यासाठी घडवली, ते तिच्याकडे कसे पाहत होते?

एक उदाहरण घेऊ. प्राचीन मिसरमधील भिंतीवरचे माणसाचे चित्र पाहा. चेहरा बाजूने दिसतो, डोळा मात्र समोरून. खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. नवखा मुलगा म्हणतो, 'यांना चित्र काढता येत नव्हते.' अभ्यासक थांबतो आणि विचारतो, की दोन-अडीच हजार वर्षे एवढे कुशल कारागीर एकाच पद्धतीने का काढत राहिले? मग ध्यानात येते, की त्यांना क्षणभर दिसणारा माणूस काढायचा नव्हता. मृत्यूनंतरही टिकेल असा, प्रत्येक अवयव पूर्णपणे दाखवणारा माणूस काढायचा होता. त्यासाठी ते भिंतीवर चौकटींची जाळी आखत आणि उभ्या माणसाची उंची ठरावीक चौकटींत बसवत. आपल्याकडेही मूर्तीला तालमान आहे. चेहऱ्याची लांबी हा एक ताल मानून देवतेची मूर्ती किती तालांची असावी, याचे नियम शिल्पशास्त्राने घालून दिले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत प्रतिमालक्षणावर स्वतंत्र अध्याय आहे. ग्रीसमध्ये पॉलिक्लिटस या शिल्पकाराने प्रमाणबद्धतेवर ग्रंथच लिहिला होता. तीन संस्कृती, तिघींकडे मोजमाप. पण प्रत्येकीने ते वेगळ्या हेतूने वापरले. हे वेगळेपण ध्यानात येणे म्हणजेच अभ्यास. आपले स्वत्व ओळखायलाही शेजारी दुसरे कोणी उभे असावे लागते. म्हणून मिसर आणि ग्रीस शिकणे हे परक्यांचे गोडवे गाणे नव्हे; त्यावाचून आपली ओळखही अपुरीच राहते.

आता वळू घराकडे.

नाणेघाट : राजघराण्याची भिंत

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने जाताना वैशाखरे गावाच्या पुढे उजव्या हाताला एक वाट डोंगरात शिरते. नानाच्या अंगठ्याखालून चढणारी ही वाट म्हणजे नाणेघाट. ही निसर्गाने दिलेली साधी पायवाट नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कातळ फोडून केलेला हा राजमार्ग आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवरून या घाटाने जुन्नरला आणि पुढे सातवाहनांच्या प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला जाई. माथ्यावर दगडात कोरलेला रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते.

माथ्याजवळ, खिंडीच्या तोंडाशी एक गुहा आहे. ती आज प्रशासकीय दृष्ट्या पुणे जिल्ह्यात मोडते. पण तिच्याकडे नेणारी चढण मुरबाडची. पर्यटक तिथे पावसापासून आडोसा शोधतात, डबे उघडतात आणि निघून जातात. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर महाराष्ट्राच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचा लेख आहे, याचा त्यांना पत्ता नसतो. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, डाव्या आणि उजव्या भिंतींवर मिळून वीस ओळींचा हा लेख आहे. सर्वसाधारणपणे तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये त्याची नोंद केली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी त्याचा अर्थ लावला.

लेख आहे सातवाहन राणी नागनिकेचा. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. नंतर अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची यादी येते आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणेचे आकडे येतात. गाई किती, हत्ती किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती. एका ठिकाणी तर २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आहे. भारतीय अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत या भिंतीची गणना होते. म्हणजे गणिताच्या इतिहासकारालाही इथे यावे लागते. राणीचे वर्णन महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी असे आहे. पतीच्या पश्चात राज्याची घडी सांभाळणारी एक स्त्री आपल्या कुळाचे कर्तृत्व वर्दळीच्या व्यापारी मार्गावर कोरवून घेते, ही घटना किती अर्थपूर्ण आहे! आजच्या भाषेत सांगायचे तर महामार्गावरच्या नाक्यावर राज्याने आपली ओळख मांडली. कल्याणहून चढणारा यवन व्यापारी असो वा जुन्नरहून उतरणारा सार्थवाह, त्याला या भिंतीपुढूनच जावे लागे.

आता कलेतिहासाच्या विद्यार्थ्याने मागची भिंत पाहावी. तिथे सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. वर प्रत्येकाचे नाव होते : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी. आज प्रतिमा गेल्या. काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नावे आहेत, चेहरे नाहीत. तरीही हा पुरावा मोलाचा आहे. भारतीय कलेत राजांच्या व्यक्तिप्रतिमा फारशा आढळत नाहीत, असे सर्रास म्हटले जाते. पण भासाच्या 'प्रतिमा' नाटकात दिवंगत राजांच्या पुतळ्यांचे दालन आहे, मथुरेजवळच्या माट येथे कुषाण राजांचे देवकुल सापडले आहे आणि या दोहोंच्या पंक्तीला नाणेघाटाची भिंत आहे. साहित्यातील उल्लेख आणि दगडातील पुरावा असे एकमेकांना भेटतात, तेव्हा कलेतिहास कथेच्या पातळीवरून शास्त्राच्या पातळीवर जातो.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. वैदिक यज्ञांची इतक्या अभिमानाने नोंद करणाऱ्या या राजवंशाच्या काळातच जुन्नर, कार्ले, नाशिक येथे बौद्ध भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली. दान देणाऱ्यांत राजे होते, व्यापारी होते, कारागीर होते, यवनही होते. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे वाचायला मिळतात. आपल्या समाजाचा पिंड कसा होता, हे सांगायला यापेक्षा बोलका साक्षीदार कोणता?

घाटाचे दुसरे टोक

या वाटेने माल खाली उतरत होता, तो जात होता कुठे? इटलीत पाँपेई नावाचे शहर होते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ते गाडले गेले. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात हस्तिदंताची एक लहानशी मूर्ती सापडली. उंची सुमारे २५ सेंटीमीटर. अंगावर दागिन्यांची रेलचेल, दोन्ही बाजूंना दोन सेविका. मूर्ती निःसंशय भारतीय आहे. ती लक्ष्मीची म्हणून प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. ती कुठे घडली असावी? जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे, म्हणजे प्राचीन भोगवर्धनात, उत्खननात तिच्याशी विलक्षण साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला. त्यामुळे ती दख्खनच्या कारागिराच्या हातची असावी, असे मत पुढे आले. हे मत अंतिम नाही. पण भोकरदन ते पश्चिम किनारा हा प्रवास त्या काळी सह्याद्रीच्या घाटांवाचून होणे शक्य नव्हते, आणि त्या घाटांतील प्रमुख घाट तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

माल एकाच दिशेने गेला नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात पॉसिडॉन या ग्रीक सागरदेवतेची कांस्यमूर्ती मिळाली. ती आज कोल्हापूरच्या संग्रहालयात आहे. आपला कारागीर रोमन घरात पोहोचला आणि त्यांचा देव पंचगंगेच्या काठी आला. 'प्राचीन संस्कृती' या शब्दांनी पुस्तकात जी वेगवेगळी प्रकरणे पडलेली असतात, ती प्रत्यक्षात अशी एकमेकांत गुंतलेली होती.

देवळाचे वाचन

सातवाहनांनंतर हजार वर्षांनी उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. त्यांच्या काळातील अंबरनाथचे शिवमंदिर आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ येतो. दर्शन घेऊन परतताना आपण काय पाहतो? रांग आणि प्रसाद. आता पुढच्या वेळी एक करा. मंदिराला बाहेरून, सावकाश एक प्रदक्षिणा घाला. जोत्यापासून वर एकेका थराकडे पाहा. भिंत सरळ नाही. ती कोनाकोनांत दुमडलेली आहे आणि प्रत्येक कोनावर सूर्यप्रकाश वेगळा पडतो. शिखरावर लहान लहान शिखरांच्या उभ्या-आडव्या ओळी आहेत; या रचनेला भूमिज शैली म्हणतात. आत गेलात की सभामंडपातून गर्भगृहात वर चढायचे नसून पायऱ्या उतरून खाली जायचे आहे. भक्ताला उजेडातून अंधाराकडे, गजबजाटातून एकांताकडे नेणारी ही योजना आहे. देवळाची भाषा समजली म्हणून भक्ती उणावत नाही. ज्या अनाम सूत्रधाराने हे योजले, त्याच्यापुढे मस्तक अधिक आदराने लवते.

ऐतिहासिक योगायोग असा, की १८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थी अंबरनाथला आले आणि त्यांनी या शिल्पांची रेखाटने व साचे तयार केले. दीडशे वर्षांपूर्वी शहरातले विद्यार्थी शिकण्यासाठी ठाणे जिल्ह्याच्या खेड्यात येत होते. आज ठाणे जिल्ह्याच्या खेड्यातील विद्यार्थ्यालाच ते दगड अनोळखी राहावेत, हे आपल्याला शोभणारे नाही.

पाराखालचे पुरावे

काहींना वाटेल, नाणेघाट आणि अंबरनाथ ही मोठी ठिकाणे झाली. आमच्या गावात काय आहे? उत्तर कोकणातील जुन्या गावांत देवळाच्या मागे, पाराखाली, वेशीवर किंवा बांधावर काही ना काही कोरीव दगड उभा किंवा आडवा पडलेला असतो. त्याला शेंदूर फासलेला असतो आणि गावाने त्याला एखादे नाव दिलेले असते. त्यातील पुष्कळसे वीरगळ असतात. वीरगळ वाचायचा तो खालून वर. खालच्या चौकटीत लढाई आणि वीराचा मृत्यू. बाजूला गाई असतील तर समजावे, की तो गावची गुरे सोडवताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. सर्वांत वर चंद्र-सूर्य : ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, त्या सामान्य माणसांचा हा इतिहास आहे.

दुसरा प्रकार गधेगळ. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी, तीही चित्ररूपात आणि मुद्दामच लाजिरवाणी. भिवंडीजवळच्या लोनाड परिसरात शिलाहारांचे असे दानलेख मिळाले आहेत. आता यापुढे जगाचा पट ठेवून पाहा. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात कायदे कोरवलेला शिलास्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. वरच्या भागात राजा सूर्यदेव शमशपुढे उभा आहे, खाली कायदे आहेत आणि शेवटी हा लेख पुसणाऱ्याला शाप आहेत. एवढे करूनही पुढे एका विजेत्याने तो स्तंभ लुटून नेला आणि त्यावरचे काही रकाने खरवडून टाकले. हम्मुराबी आणि शिलाहार यांच्यात जवळजवळ तीन हजार वर्षांचे अंतर आहे आणि एकाने दुसऱ्याकडून हे उचलले असे म्हणायला काडीचाही आधार नाही. पण दिलेला शब्द टिकावा म्हणून राजसत्तेला दगड, देव आणि शाप या तिघांचा आधार घ्यावा लागतो, हे मानवी सत्य दोन्हीकडे दिसते.

आणि जिवंत परंपरांकडेही पाहा. आपल्या तालुक्यांत वारली, ठाकर, महादेव कोळी, कातकरी बांधवांची वस्ती आहे. वारली घरातील लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर लिहितात. त्याच्या मध्यभागी पालघाट देवी असते आणि धवलेरी गाणे गाऊन तो विधी पूर्ण करते. चौक 'काढत' नाहीत, 'लिहितात', हा शब्दच किती बोलका आहे! डहाणूचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगापुढे नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच पाड्यावरच्या आजीला चौकातील एकेका खुणेचा अर्थ विचारणे, तो तिच्याच शब्दांत टिपून ठेवणे, हे पदवीच्या प्रकल्पाचे उत्तम काम आहे. तिथे आजी गुरू आहे आणि आपण विद्यार्थी, हे मात्र विसरू नये.

अभिमानाला पुराव्याचा पाया

इथे एक सावधगिरीची सूचना करतो. वारली आकृत्या आणि भीमबेटकाच्या गुहाचित्रांतील आकृत्या सारख्या दिसतात, म्हणून ही परंपरा सलग दहा हजार वर्षांची आहे, असे विधान अनेक ठिकाणी ठोकून दिले जाते. साम्य दिसते हे खरे. पण साम्य म्हणजे सातत्य नव्हे. मधल्या काळाचा पुरावा मिळेपर्यंत अभ्यासकाने तेवढेच म्हणावे जेवढे सिद्ध आहे.

याच भीमबेटकाचा शोध ज्यांनी लावला, ते पद्मश्री डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर आपल्याला आदर्श ठरावेत. १९५७ मध्ये भोपाळकडे जाताना रेल्वेच्या खिडकीतून त्यांना दूरवर खडकांच्या रांगा दिसल्या. स्पेन आणि फ्रान्समधील गुहाचित्रांच्या जागा त्यांना ठाऊक होत्या. इथेही तसेच काही असावे, असे त्यांना वाटले. ते उतरले, चालत गेले आणि चित्रांचा खजिना समोर आला. २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा ठरले. त्या डब्यातील इतर प्रवाशांनीही तेच खडक पाहिले असणार. फरक होता तो जाणत्या नजरेचा. आणि ती नजर परदेशांतील कलेच्या अभ्यासानेही तयार झाली होती, हे नमूद करण्याजोगे आहे. वाकणकरांनी देशावर निस्सीम प्रेम केले आणि आयुष्यभर पायपीट करून, हजारो चित्रांच्या प्रतिकृती हाताने काढून पुरावा गोळा केला. आपला वारसा थोर आहे अशी ज्याची श्रद्धा आहे, त्याने तर पुराव्याला अधिकच कसून तपासले पाहिजे. कच्च्या विधानावर उभारलेला अभिमान पहिल्याच प्रश्नाला कोसळतो आणि खऱ्या गोष्टीही मग कोणी ऐकून घेत नाही.

ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी दुसरा आदर्श पंडित भगवानलाल इंद्रजींचा. ते जुनागढचे. गिरनारच्या वाटेवरचा प्राचीन शिलालेख हीच त्यांची पहिली पाटी. इंग्रजी महाविद्यालयाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईला आणले आणि त्यांनी भारतभर हिंडून लेखांचे ठसे घेतले. १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप त्यांनीच उकरला. पुढे नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली. गावाजवळच्या दगडापासून आरंभ करून एक माणूस कुठवर जाऊ शकतो, याचा हा दाखला आहे.

हानी डोळ्यांदेखत होते आहे

मित्रांनो, हा विषय आजच का महत्त्वाचा आहे, ते सांगतो. आपला परिसर फार वेगाने बदलतो आहे. धरणांनी खोरी पाण्याखाली घेतली. समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला आणि शहापूर तालुक्याचे रूप पालटले. विकास हवाच, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु ज्या गावात दगड वाचणारा कोणी नाही, त्या गावाचा दगड यंत्राच्या फाळाखाली निमूटपणे जातो.

त्याहून खेदाची हानी आपल्याच हातून, आणि तीही भक्तिभावाने होते. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने दगडी देऊळ पाडून सिमेंटचे उभारले जाते. जुनी मूर्ती काठावर ठेवून संगमरवराची नवी आणली जाते. वीरगळावर ऑइलपेंटचे थर चढतात आणि कोरीव अक्षरे कायमची बुजतात. हे करणारी माणसे वाईट नसतात. त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ते काय गमावत आहेत, हे सांगणारे गावात कोणी नसते, एवढेच. सरकारी खात्याचा माणूस बाहेरून येऊन सांगेल, तर ते पटणार नाही. गावचीच शिकलेली मुलगी देवस्थानच्या बैठकीत उठून म्हणाली, 'काका, हा दगड आपल्याच एका पूर्वजाच्या बलिदानाचा आहे, याला रंग देऊ नका,' तर ते ऐकले जाईल.

कायदाही माहीत असावा. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तनिधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८ चा कायदा सांगतो. पुराणवस्तूंच्या व्यापारावर १९७२ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला जमीन खणताना कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे मिळून वजन सुमारे साठ किलो. त्या भंगारात वितळल्या असत्या तर? त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत आजही वाद आहे. पण वाद घालायला वस्तू तरी उरली आहे. शोध बहुधा विद्वानाला लागत नाही. तो नांगराला आणि कुदळीला लागतो. म्हणून नांगर धरणाऱ्याच्या घरातच जाणकार असला पाहिजे.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर

आता सुरुवातीला विचारलेला प्रश्न. या विषयावर पोट भरेल का? स्पष्टच सांगतो, केंद्राचे पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, मोठी संग्रहालये आणि महाविद्यालये यांतील जागा थोड्या आहेत. पदवी मिळाली की नोकरी मिळाली, असे आश्वासन देणारा तुमची फसवणूक करतो. पुढे जायचे तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण, एखादी प्राचीन भाषा आणि लिपी, आणि उन्हातान्हात क्षेत्रकार्य करण्याची तयारी हवी. ज्यांची अशी तयारी आहे, त्यांना वाट आहे. ज्यांना स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत, त्यांच्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत प्राचीन ते आधुनिक काळातील कला, साहित्य व वास्तुकला हा भाग आहेच. माळशेज, नाणेघाट, माहुलीला येणाऱ्या हजारो पर्यटकांना सांगण्यासारखे ज्याच्याजवळ आहे, असा स्थानिक मार्गदर्शक मात्र क्वचितच भेटतो. तिथे संधी आहे.

आणि जो विद्यार्थी पुढे शिक्षक, तलाठी, व्यापारी किंवा शेतकरी होईल, त्याचेही हे शिक्षण वाया जात नाही. नीट पाहणे, पुरावा आणि ऐकीव गोष्ट यांत भेद करणे, दिसले तेवढेच लिहिणे, या सवयी कोणत्याही व्यवसायात उपयोगी पडतात.

महाविद्यालयांना माझी एक विनंती आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने भारतीय ज्ञानपरंपरा आणि क्षेत्रप्रकल्प यांना अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. त्याचा लाभ घेऊन दोन्ही तालुक्यांतील विद्यार्थ्यांनी गावोगावच्या शिल्पावशेषांची नोंदवही करावी. साहित्य फार लागत नाही : वही, मोजपट्टी आणि हातातला मोबाइल. गावाचे नाव, दगडाची नेमकी जागा, उंची-रुंदी, चारही बाजूंची छायाचित्रे, चौकटीतील दृश्यांचे वर्णन आणि गावकरी त्याला काय म्हणतात, ते त्यांच्याच शब्दांत. दगड हलवायचा नाही, घासायचा नाही, शेंदूर खरवडायचा नाही. गावाची पूजा मोडायची नाही. ज्याचा अर्थ लागत नाही, तिथे 'अर्थ लागला नाही' असे प्रामाणिकपणे लिहायचे. एक प्रत महाविद्यालयात, एक ग्रामपंचायतीत आणि एक पुरातत्त्व खात्याकडे. दर वर्षी वीस गावे झाली, तरी पाच वर्षांत शंभर गावांची नोंद होते. हे काम कोणा परदेशी विद्वानाची वाट पाहत थांबण्यासारखे नाही. ते आपले आहे.

शेवटी पुन्हा त्या गुहेकडे वळतो. नागनिकेच्या कारागिरांनी भिंतीवर राजघराणे कोरले, तेव्हा त्या प्रतिमा यावच्चंद्रदिवाकरौ राहतील, असेच त्यांना वाटले असेल. आज चेहरे नाहीत. नावे आहेत, म्हणून आपल्याला कोण होते ते कळते. कोणीतरी अक्षरे कोरली आणि दोन हजार वर्षांनी कोणीतरी ती वाचली. तुमच्या गावच्या पाराखालच्या दगडाचे नाव अजून कोणी लिहून ठेवलेले नाही. येत्या सुट्टीत ते काम कोण हाती घेणार, एवढे ठरवूनच आपण आज येथून उठावे, ही प्रार्थना.